थाळनेरची मुराई

थाळनेर पाहून आलो असं सांगितलं की ऐकणारा लगेच विचारतो, "मग काय काय पाहिलंत?" या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नाही. किल्ला पाहिला, पण तो निम्मा नदीने खाल्लेला. सुलतानांच्या कबरींवरचे रोजे पाहिले, पण त्यांतल्या एकाच्या सावलीत पाय पसरून बसलो आणि बाकीचे तिथूनच पाहून घेतले. खरं सांगायचं तर थाळनेरात मी बराच वेळ बसूनच होतो. जे काही घडलं ते मी शोधायला गेलो नव्हतो, तेच माझा पत्ता विचारत आलं.

मी नाशकात शाळेत इतिहास शिकवतो. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादं जुनं गाव गाठायचं, गाइड न करता, कोणाला न विचारता आपल्या पायांनी हिंडायचं आणि परत येऊन चार पानं लिहायची, असा माझा बरीच वर्षं परिपाठ आहे. आमच्या घरच्यांचं यावर ठरलेलं मत आहे. "दगडच बघायचे तर आपला पाटावरवंटा काय वाईट आहे? त्याला टाकी तरी लावून आणा." त्या साली मला पहिल्यांदा वाटलं की बाईचं काही चुकत नाही. मी थकलो होतो. वर्गात ओरडून घसा बसला होता, गुडघे कुरकुरत होते, आणि पडक्या भिंतीपुढे उभं राहून हळहळायचं, हे तर मनापासून नकोसं झालं होतं. तरी निघालो. सवय लागली की माणूस कंटाळतो, पण थांबत नाही.

अमळनेरच्या पुढे

अमळनेरला आगगाडीतून उतरलो तेव्हा सकाळच होती, पण उन्हाला सकाळ-दुपार कळत नव्हती. तापीच्या काठापर्यंत नेणारी एक दमणी मिळाली. दमणी म्हणजे खानदेशातली हलकी, छपराची बैलगाडी. पाहुण्यासोयऱ्यांनी बसून जायची. गाडीवान चांगला होता, म्हणजे बोलत नव्हता. दोन्ही बाजूंना काळी जमीन भेगाळून पडलेली, कापूस कधीच निघून गेलेला, बांधाबांधाला पऱ्हाट्यांचे ढीग. मधूनच एखादं निंबाचं झाड लागे आणि बैल आपण होऊन तिकडे वळत. मला बैलांचं म्हणणं पटत होतं.

बोरखेडं नावाच्या गावाशी आलो आणि दमणीचा आख मोडला. सुतार म्हणाला, नवा आख बसवायला दोन-तीन दिवस लागतील. गाडीवान तिथेच राहिला. मी मारुतीच्या देवळात पथारी टाकली आणि गावातलं कोण येतं, कोण जातं, याची चौकशीही न करता झोपलो. सकाळी उठून तापीकडे पायी निघालो. एक कोसाची वाट. पाठीवर पिशवी, हातात काठी, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. या अवतारात मी कोण दिसत असेन याचा विचार तेव्हा केला असता, तर पुढलं काहीच झालं नसतं.

तापीवर

उन्हाळ्यात तापी आटते, पण थाळनेरपाशी डोह आहे म्हणून तिथे नाव चालते. नावाडी म्हातारा होता. सगळे त्याला धोंडू नाना म्हणतात असं त्याने स्वतःच सांगितलं. नावेत मी एकटाच. समोर किल्ल्याची मातट भिंत पाण्यापर्यंत घसरलेली दिसत होती.

"कोठून उनात, भाऊ?" नानाने विचारलं.

"बोरखेड्याहून."

त्याचं वल्हं थांबलं. माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहत तो म्हणाला, "मुराई का?"

आता इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे यमाई आहे, तुकाई आहे, जोगाई आहे. गावोगाव अशा आया बसलेल्या आहेत. थाळनेरची अशी एक मुराई असणार आणि तिची मला खबरच नव्हती. एवढी पुस्तकं चाळून निघालो आणि ग्रामदेवतेचं नाव नावाड्याकडून कळावं, याची मला लाज वाटली. लाज लपवायला मी जरा ठसक्यातच बोललो, "हो, मुराईच की! त्यासाठीच तर आलो एवढ्या लांब."

नानाचा चेहरा एकदम उजळला. "भलतं बेस कयं, भाऊ! आखाजीना आधी उनात. बठ्ठा गाव वाट दखी ऱ्हायना व्हता."

सगळा गाव वाट पाहत होता! माझ्या लेखांची कीर्ती तापीपार गेली असेल अशी शंका मला आजवर कधी आली नव्हती. उतरताना पैसे काढू लागलो तर नानाने हात जोडले. मुराईकडून पैसा घेत नाहीत म्हणाला. देवीच्या भक्ताला नाव फुकट, असा मी त्याचा अर्थ लावला. त्याने नाव बांधली आणि मला मागे टाकून तरातरा घाट चढून गावात गेला. म्हाताऱ्याला एवढी कसली घाई, असं मनात आलं खरं, पण विचार करण्याइतका उत्साह नव्हता.

थाळनेर

घाट चढून किल्ल्यात शिरलो. किल्ला म्हणजे आता एक मोठा ओटाच. आत बाभळी, शेळ्या, वाळलेलं गवत. नदीकडची बाजू खाली कोसळली आहे आणि कडेला उभं राहिलं की पायाखालची माती घरंगळत पाण्यात जाते. एके काळी इथे खानदेशची राजधानी होती. इथून राज्य चालवलं, वेढे पडले, माणसं कापली गेली. हे सगळं मला पाठ आहे, दरवर्षी पोरांना सांगतो. तिथे उभं राहून मात्र काहीच वाटेना. घाम येत होता, तहान लागली होती, आणि पलीकडच्या काठावर काळ्या रानात बोरखेड्याचा वड दिसत होता. एवढ्या जवळून निघून इतक्या उशिरा पोचलो म्हणजे मी चालतो कसा, याचंच मला नवल वाटलं.

गावातल्या गल्ल्यांत शिरलो. धाब्याची घरं, एकाला एक चिकटलेली. कुठे कुठे जुन्या इमारतींचे नक्षीदार दगड गोठ्याच्या भिंतीत बसवलेले. एका दगडावर कमळ होतं आणि त्याला म्हैस बांधली होती. धाब्यांवर बायका कुरडया वाळत घालत होत्या. निंबांना झोके बांधायचं काम चाललं होतं. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे पितरांना पाण्याचा घडा द्यायचा, चैत्रगौरीची आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन घरी यायचं, संपलं. खानदेशात त्याच दिवसाला आखाजी म्हणतात आणि दिवाळीहून मोठा मान देतात. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, दोन दिवस कोणाचं ऐकत नाहीत. सालदारांचं सालही आखाजीलाच फिरतं. आखाजी अगदी तोंडावर आली होती.

मला एक गोष्ट जाणवू लागली. गाव माझ्याशी फार आदराने वागत होतं. एका ओट्यावरून हाक आली, "बठा भाऊ, पानी ल्या." पाण्याबरोबर गुळाचा खडा. पुढच्या घराशी पुन्हा पाणी, पुन्हा गूळ. एक बाई पदराआड हसत विचारती झाली, "कव्हय लई जातस?"

कधी नेता? देवीचा प्रसाद विचारत असेल. म्हटलं, "उद्या सकाळी."

"उद्याच!" असं म्हणून ती दुसऱ्या बाईला सांगायला पळाली. माझ्यामागे गल्लीभर कुजबूज पसरत गेली.

गावाबाहेर रोजे आहेत. त्यांतला एक आठकोनी, त्याच्या भिंतीवर इतकं नाजूक कोरीव काम की दगडाला कोणी हातच लावला नसेल, सुईने काढलं असेल असं वाटावं. मी त्याच्याच सावलीत बसलो आणि बूट काढले. एक म्हातारा शेळ्या घेऊन तिथेच बसला होता. राम राम झाला. मी म्हटलं, "आबा, मुराई कुठं आहे? देऊळ काही दिसलं नाही."

आबाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हसत म्हणाला, "मुराई कोठे? मुराई तं तुम्हीच शेतस ना, भाऊ!"

मी चमकलो. काशीत वेदान्त ऐकून आलेले लोक मला भेटले आहेत, पण एवढ्या सोप्या शब्दांत तू तोच आहेस असं कोणी सांगितलं नव्हतं. ज्या देवीला शोधतोस ती तूच! वर रखरखीत ऊन, मागे कबर, समोर शेळ्या, आणि हा साधुपुरुष. माझा थकवा क्षणभर पार गेला. मी त्याला वाकून नमस्कार केला. आबा गोंधळला. "माले काबरं पाया पडतस?" म्हणाला आणि काठीने गावाकडे दाखवत सांगू लागला, "अक्काकडे जा. निंबना समोरनं घर. सकायथीन पान्याना तांब्या भरी ठेयेल शे."

अक्का म्हणजे देवीची पुजारीण असणार, असं धरून मी बूट पायात कोंबले.

निंबासमोरचं घर

दारात एक उंच, वाळकी म्हातारी उभी होती. कपाळावर मोठं गोंदण, डोक्यावरचा पदर जराही न हलणारा. हीच अक्का. ओट्यावर चारपाई टाकलेली, शेजारी घडीची गोधडी. गल्लीतल्या बायका निंबाखाली गोळा झाल्या होत्या, आणि धोंडू नाना त्यांत पुढे उभा होता, सगळं जमवून आणल्यासारखा.

"बठा," अक्का म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता, पण मान होता.

मी बसलो. आतून एक बाई तांब्या आणि परात घेऊन आली. तिशीतली असेल. येताना तिचे पाय अडखळत होते, इतकी ती घाईत होती. खाली बसून तिने माझे पाय परातीत घेतले, पाणी घातलं आणि मग वर पाहिलं.

तो चेहरा मी विसरणार नाही. तिने मला ओळखलं नाही. माझ्यामागे आणखी कोणी आहे का ते पाहिलं. कोणी नव्हतं. मग तिने मान खाली घातली आणि पुन्हा पाय धुऊ लागली, सावकाश, एकेक बोट. पाणी संपलं तरी ती धूतच होती.

"सुकानी धाडं का तुमले?" अक्काने विचारलं. "कोन लागतस तुम्ही सुकाना?"

"सुका कोण?" मी विचारलं.

निंबाखालची कुजबूज थांबली. अक्काच्या कपाळावरचं गोंदण आक्रसलं. "सुका. बनाना भाऊ. बोरखेडाना. तुम्ही बनाले लेवाले उनात ना? मुराई ना तुम्ही?"

लेवाले. न्यायला. बोरखेड्याहून न्यायला आलेला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. इकडे ळ बोलत नाहीत, त्याचा य करतात. पोळीची पोयी होते, डोळ्याचा डोया होतो. मुराई म्हणजे मुराळी! सासरहून लेकीला, इकडच्या बोलीत आंडेरला, माहेरी घेऊन जायला येणारा माणूस. भाऊ, चुलता, भाचा, कोणीतरी घरचा. तो आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. आणि मी सकाळपासून गावभर, हो हो, मुराईच, असं सांगत गूळ खात हिंडत होतो.

खरं ते सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सांगितलं. मुराई ही देवी आहे असं समजलो, हेही सांगितलं.

आधी धोंडू नाना हसला. मग सगळा निंब हसू लागला. "आयका वं, भाऊले मुराई देवी वाटनी!" पोट धरधरून बायका हसत होत्या. मीही हसलो असतो, पण माझे पाय अजून बनाबाईच्या हातात होते आणि ती हसत नव्हती. तिने पदराने माझे पाय कोरडे केले, परात उचलली आणि आत गेली. मला फार वाईट वाटलं. उन्हातान्हात एवढं हिंडून एखाद्याच्या दारात नेमकी त्याची निराशा घेऊन जावं, याहून वाईट पाहुणा कोणता?

धोंडू नानानेच मग सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी बनाचा बाप वारला. त्यानंतरच्या आखाजीला तिचा भाऊ सुका न्यायला आला. घरात काम अडलं होतं, अक्का म्हणाली, चार दिवसांनी या. सुकाला राग आला. समोर ठेवलेल्या पाण्याला हात न लावता तो उठून गेला आणि त्याने शपथ घेतली की या दारात पाय ठेवणार नाही. अक्काला त्या न प्यालेल्या पाण्याचा राग. तिनेही सांगितलं, मुराई आल्याशिवाय सून जाणार नाही, ती काही बेवारस नाही. तेव्हापासून नदीच्या या काठावर बना आणि त्या काठावर तिचं माहेर. घाटावर पाणी भरताना तिला बोरखेड्याचा वड दिसतो. त्यात गेल्या थंडीपासून तिच्या आईने अंथरूण धरलं आहे. यंदाही कोणी आलं नाही तर आईची भेट होईल की नाही सांगता येत नाही, असं नाना म्हणाला.

अक्का हे सगळं ऐकत उभी होती. कोणी आपली बाजू सांगावी अशी तिची अपेक्षा दिसली नाही. मग ती म्हणाली, "बठ्ठा गावले मालूम पडी गयं, बनाना मुराई उना. आते तुम्ही रिकामा हाते गयात तं लोके मन्हा दारले हसतीन."

"माझी चूक झाली, अक्का."

"चूक तुमनी. दार मन्हं." तिने थोडा वेळ माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "बोरखेडानं पानी पिनात ना?"

"हो. काल रात्री, आज सकाळी."

"मंग झायं. मुराई म्हनीसन उनात, मुराई म्हनीसनच जा."

निंबाखाली पुन्हा कुजबूज उठली, पण वेगळी. बनाचा नवरा, भिला त्याचं नाव, सबंध वेळ गोठ्याच्या दाराशी उभा होता, त्याच्याकडे अक्काने पाहिलं. तो म्हणाला, "माय म्हनस तसं." धोंडू नानाने सोबत बोरखेड्यापर्यंत यायचं ठरलं, कारण मुराई कितीही मानाचा असला तरी परका तो परकाच. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बहुधा गुडघ्यांचं कारण सांगितलं असतं.

संध्याकाळी जेवायला वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, आमरस, आणि मुराळ्याचा मान म्हणून खापरावरचा मांडा, म्हणजे इकडची मोठी पातळ पुरणपोळी, हातरुमालासारखा घडी घातलेला. नाशकात मी पुरणपोळी खात नाही, पित्त होतं. इथे दोन खाल्ल्या आणि काही झालं नाही. बना वाढत होती. तिच्या हालचालींत आता घाई नव्हती, एक प्रकारची भीती होती, उद्या सकाळपर्यंत कोणी काही बदलू नये अशी.

काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "अक्का, तुमचं माहेर कुठलं?"

"व्हतं," अक्का म्हणाली.

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी गाव पुन्हा विचारलं.

"गावनं नाव काय करतस? भाऊ मरी गया. भाचा मुंबईले मिलमा गया, तठेच ऱ्हायना. घर बसी गयं." तिने माझ्या ताटात रस वाढला. "आखाजीले मी मांडा करस. बठ्ठ्यासले खावाडस. माले कोन लेवाले येई?"

तक्रार नव्हती त्यात. ऊन आहे, पाणी लांब आहे, तसंच तिने ते सांगितलं. बना हातात पळी धरून दाराशी उभी होती. तिने सासूकडे पाहिलं, आणि मी पाहतोय असं लक्षात येताच आत गेली.

बोरखेडं

दुसऱ्या दिवशी ऊन व्हायच्या आत निघालो. निघताना अक्का ओट्यापर्यंत आली, घाटापर्यंत आली नाही. सुनेच्या हातात कुरडयांची पाटी दिली आणि, "मायले सांग, सोबत धाडी म्हनीसन," एवढंच बोलली. नावेत बना माझ्याकडे पाठ करून बसली. बोरखेड्याची वाट कालच्यापेक्षा लांब वाटली. बना पुढे, आम्ही दोघे म्हातारे मागे. वडापाशी आल्यावर ती पळायलाच लागली. पाटी डोक्यावर, एक हात पाटीला, आणि आम्ही ओरडतोय की सांभाळ, कुरडया सांडतील.

घरात शिरलो तेव्हा आईच्या खाटेवर ती ओणवी झाली होती. म्हातारी लेकीच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती हातांनी पाहत होती. मी बाहेर आलो. अशा ठिकाणी परक्याने उभं राहू नये.

सुका ओट्यावर उभा होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, आणि कसनुसा झालेला. नानाने त्याला सगळं सांगितलं. तो माझे पाय धरायला वाकला, मी म्हटलं, हात लावू नकोस, दुखतात. मला फक्त अमळनेरची गाडी हवी होती. माझ्या दमणीचा आख सुताराच्या अंगणात अर्धाच तासून पडला होता. सुका म्हणाला, आपली दमणी आहे, जेवून घ्या, लगेच जुंपतो. मी मनातल्या मनात नाशकाच्या घरी पोचून झोपलोसुद्धा.

तेवढ्यात बना बाहेर आली. डोळे पुसलेले, पण पदर कमरेला खोचलेला.

"दमनी जुप," ती भावाला म्हणाली. "पन अमयनेरले नही. तुले थायनेरले जानं शे. मुराई म्हनीसन."

"थायनेरले? कोनले लेवाले? तू तं उनी ना!"

"मन्ही सासूले."

सुका हसायला लागला, मग थांबला. "येडी झायी का? सासू कोठे सूनना माहेरले येस आखाजीले? लोके काय म्हनतीन?"

"तिनं माहेर नही ऱ्हायनं. कोन्ही नही शे तिले." बनाचा आवाज चढला. "माले लेवाले वाटसरू उना. तू नही उना. भाऊ जित्ता ऱ्हाईसन मी वाट दखी. तिना तं भाऊच नही."

नदीएवढा रुंद राग सुकाने इतकी वर्षं सांभाळला होता. आता ज्या बाईवरचा तो राग, तिच्याच दारात पागोटं बांधून भाऊ म्हणून उभं राहायचं. मला त्याची दया आली. त्याच्या जागी मी असतो तर गुडघे पुढे केले असते.

आतून, खाटेवरून, म्हातारीचा बारीक आवाज आला. "जाय रे, सुका. आनि तठे पानी पेजो."

सुका ओटा उतरला आणि बैलांकडे गेला. नानाही त्याच्याबरोबर दमणीत चढला, कारण नाव त्याचीच. माझी अमळनेरची गाडी अशी माझ्या डोळ्यांदेखत उलट्या दिशेला गेली.

सबंध दुपार मी ओट्यावर पडून काढली. बना आत-बाहेर करत होती. घर सारवलं, दारात रांगोळी काढली, शेजारणींना बोलावून आणलं. मधूनच येऊन वडाकडे बघून जाई. अक्का यायची नाही, याबद्दल माझी खात्री होती. ती बाई मानाची. सुनेच्या माहेरी पाहुणी म्हणून पाय ठेवणं तिला जमायचं नाही. मी बनाला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "नही उनी तरी चाली. कोन्ही लेवाले गया व्हता, इतलं तं तिले कयी."

ऊन उतरलं तेव्हा घुंगरं ऐकू आली. दमणी दारापुढे थांबली. आधी सुका उतरला. त्याच्या पागोट्याला थाळनेरच्या कोणी बाईने कुंकवाची बोटं लावली होती. मग त्याने हात दिला आणि अक्का उतरली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, त्याच्या घड्या जागच्या जागी. काल ताठ उभी असलेली ती म्हातारी आज दारापुढे येऊन अडखळली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि आत यावं की नाही हे तिला कळेना. शेजारणीही एकमेकींकडे पाहू लागल्या. सासूला कसं घ्यायचं हे त्यांना माहीत होतं. पण ही त्या दिवशी कोण होती?

लेक माहेरी आली की तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. बना तुकडा आणि पाणी घेऊन दाराशी आली, पण सुनेने सासूला लेक म्हणून ओवाळावं कसं, म्हणून तीही थांबली. तेवढ्यात आतून हालचाल झाली. बनाची आई खाटेवरून उठत होती. सुकाने धावत जाऊन तिला सावरलं, बनाने दुसरा हात धरला. थंडीपासून न उठलेली म्हातारी थरथरत दारापर्यंत आली. बनाच्या हातातला तुकडा तिने चाचपडून घेतला, आणि न दिसणारे डोळे दाराबाहेर लावून, लेक आल्यावर विचारतात तसं विचारलं,

"कोन उनी वं?"

अक्काने डोक्यावरचा पदर नीट केला. मग इतक्या हळू आवाजात म्हणाली, की मी ओट्यावर अगदी जवळ बसलो होतो म्हणूनच मला ऐकू आलं.

"आंडेर उनी, माय. तुनी आंडेर."